मिहान: नागपूरच्या विशेष आर्थिक क्षेत्राचा वीस वर्षांचा हिशेब

सीताबर्डीहून दक्षिणेकडे निघालेली नागपूरची मेट्रो वर्धा रस्त्याच्या कडेने धावत खापरीला पोहोचते. विमानतळ मागे पडल्यावर पश्चिमेच्या खिडकीतून रुंद रस्ते, रांगेने उभे दिव्यांचे खांब आणि लांबच लांब कुंपणे दिसू लागतात. एखाद्या कुंपणामागे काचेची मोठी इमारत आणि कर्मचाऱ्यांना नेणाऱ्या बसगाड्यांची रांग असते, तर पुढच्या दोन-तीन कुंपणांमागे कमरेएवढे गवत आणि बाभळी. मी हा प्रवास अनेकदा केला आहे आणि दर वेळी भरलेले भूखंड किती आणि रिकामे किती, हे मोजण्याचा मोह झाला आहे. भरलेले भूखंड गेल्या दहा वर्षांत वाढले, यात शंका नाही. तरीही ज्या हेतूने ही जमीन घेतली गेली, तो हेतू कितपत पुरा झाला, हे केवळ भूखंड मोजून कळणारे नाही.

हा परिसर म्हणजे मिहान, अर्थात नागपूरचे बहुविध आंतरराष्ट्रीय मालवाहतूक केंद्र आणि विमानतळ, व त्याला जोडलेले विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे सेझ. मागे पडलेल्या प्रदेशाला सावरण्यासाठी असे क्षेत्र उपयोगी पडते का, या प्रश्नासाठी महाराष्ट्रात याहून योग्य प्रकरण सापडणार नाही, असे मला वाटते. रायगड जिल्ह्यातील महामुंबई सेझचा वाद जास्त गाजला. सप्टेंबर २००८ मध्ये तिथल्या २२ गावांत जनमत घेण्यात आले आणि पुढे तो प्रकल्प बारगळला. पण तो मुंबईच्या दारातला प्रश्न होता. मिहानचे समर्थन मात्र पहिल्यापासून विदर्भाच्या नावाने झाले, म्हणून त्याचा हिशेबही विदर्भाच्या मापाने व्हायला हवा.

अनुशेषाची पार्श्वभूमी

नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची, म्हणजे नंतरच्या जुन्या मध्य प्रदेशाची, राजधानी होते. राज्य पुनर्रचनेत ती राजधानी गेली आणि २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने दिलेली आश्वासने मागे उरली. विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरेल, नोकऱ्यांत आणि खर्चात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल, अशी ती आश्वासने होती. अधिवेशन बहुतेक हिवाळ्यांत भरते. खर्चाच्या वाट्याचे काय झाले, हे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये आकड्यांत मांडले, तेव्हापासून ‘अनुशेष’, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट, हा शब्द विदर्भाच्या राजकारणातून हललेला नाही. पुढे १९९४ मध्ये घटनेच्या ३७१(२) कलमानुसार वैधानिक विकास मंडळे आली आणि २०१३ मध्ये विजय केळकर समितीने पुन्हा एकदा असमतोलाचा अहवाल दिला.

उद्योगाच्या बाबतीतली घसरण शहराच्या मध्यभागी डोळ्यांना दिसत होती. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली एम्प्रेस मिल विदर्भाच्या कापसावर शंभराहून अधिक वर्षे चालली, १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. त्याच २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि तिच्याकडे मिहानचे काम आले. हा निव्वळ योगायोग असला, तरी त्या काळचा नागपूरकर काय गमावून कशाची वाट पाहत होता, हे त्यातून कळते.

मध्यबिंदूची कल्पना

मालवाहतूक केंद्राची कल्पना नागपूरच्या भूगोलातून आली आणि तिला एक खरा पूर्वेतिहास होता. १९४९ मध्ये भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. जे टपालाचे झाले तेच मालाचे होईल, हा तर्क मोहक होता आणि देशाच्या मध्याची खूण मानल्या जाणाऱ्या झिरो माईलच्या दगडाचा अभिमान असलेल्या शहराला तो सहज पटला.

त्या तर्कातली उणीव तेव्हाच ओळखता आली असती. रात्रीच्या टपालाची विमाने नागपूरला उतरत, कारण एका सरकारी खात्याने चारही बाजूंच्या थैल्या एका ठिकाणी बदलायचे ठरवले होते. विमानांचा पल्ला वाढला, थेट सेवा सुरू झाल्या आणि सत्तरच्या दशकात ती सेवा थांबली. अमेरिकेतील मेम्फिस हे मालवाहतुकीचे मोठे केंद्र झाले तेही १९७३ मध्ये एका कुरिअर कंपनीने आपले सगळे जाळे तिथून चालवायचे ठरवल्यामुळे. नकाशावर मध्यभागी असणे ही फार तर सोय असते; केंद्र उभे राहण्यासाठी कुणाला तरी आपला माल तिथे आणून बदलण्याची गरज असावी लागते. शिवाय हवाई मालाचा मोठा हिस्सा प्रवासी विमानांच्या पोटातून जातो, त्यामुळे जिथे परदेशी जाणारी मोठी प्रवासी विमाने जास्त, तिथेच माल गोळा होतो. नागपूरची आंतरराष्ट्रीय उड्डाणे शारजा, दोहा अशा मोजक्या ठिकाणांपलीकडे फारशी गेली नाहीत. प्रकल्पाच्या नावात जे केंद्र आहे, ते त्यामुळे प्रत्यक्षात आले नाही.

सर्वांना मिळणारी सवलत

विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा २००५ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि फेब्रुवारी २००६ पासून लागू झाला. त्याआधी कांडला येथे १९६५ पासून आणि मुंबईत सीप्झमध्ये १९७३ पासून निर्यात प्रक्रिया क्षेत्रे होतीच. नव्या कायद्याने ती चौकट राज्य सरकारे आणि खासगी विकासक यांना मोकळी केली. आयातीवर सीमाशुल्क नाही, आणि निर्यातीवरील नफ्यावर पहिली पाच वर्षे पूर्ण, पुढची पाच वर्षे निम्मी आणि त्यानंतरची पाच वर्षे पुन्हा गुंतवलेल्या नफ्यापुरती निम्मी प्राप्तिकर सूट, असे त्याचे मुख्य आकर्षण होते. मिहानचे क्षेत्र २००७ मध्ये अधिसूचित झाले.

या सवलतीचा अर्थ एका साध्या उदाहरणाने पाहू. समजा, २००७ साली एका कंपनीला निर्यातीतून वर्षाला १० कोटी रुपये नफा होत होता. अधिभार आणि उपकर धरून त्या वेळचा कंपनीकर सुमारे ३४ टक्के होता, म्हणजे बाहेर तिला सुमारे ३ कोटी ४० लाख रुपये भरावे लागले असते. सेझमध्ये पहिली पाच वर्षे ती रक्कम शून्य. एवढ्या बचतीसाठी कंपनी जागा बदलायला तयार होईल, हे उघड आहे. पण ही बचत मिहानमध्ये जेवढी होती, तेवढीच पुण्याच्या हिंजवडीत, हैदराबादेत किंवा चेन्नईजवळच्या क्षेत्रातही होती. कायद्यात मागास प्रदेशासाठी वेगळा दर नव्हता, वेगळी मुदत नव्हती, काहीच नव्हते. मग जिथे बंदर जवळ, कुशल माणसे हाताशी आणि ग्राहकाची ये-जा सोपी, तिथेच ती कंपनी जाणार. देशातील सेझची निर्यात मोजक्या राज्यांत आणि त्यातही मोठ्या शहरांभोवती एकवटली, हा याचाच परिणाम होता.

मला यात सर्वांत जास्त खटकते ते हे की महाराष्ट्राला ही गोष्ट फार आधीपासून ठाऊक होती. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालत आली आहे. तिच्यात तालुक्यांची विकासाच्या पातळीनुसार वर्गवारी होते, जसजसा तालुका मागास तसतसे प्रोत्साहन वाढते आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्याला उद्योगविरहित जिल्हा म्हणून वेगळे स्थान मिळते. तिचे यश-अपयश हा स्वतंत्र विषय आहे, पण तिची रचना तरी प्रश्न ओळखून केलेली होती. केंद्राच्या सेझ कायद्याने ही ओळख पुसून टाकली आणि तरीही नागपुरात तो कायदा विदर्भाचा कायापालट करणार म्हणून सांगितला गेला.

पुढे तर ती समान सवलतही झिजत गेली. २०११-१२ या आर्थिक वर्षापासून सेझमधील कंपन्यांना आणि विकासकांना किमान पर्यायी कर, म्हणजे मॅट, लागू झाला. त्याचा मूळ दर १८.५ टक्के होता. वरच्या उदाहरणातील कंपनीला पुस्तकी नफा तेवढाच धरला तर आता जवळपास दोन कोटी रुपये भरावे लागणार होते. त्याची वजावट पुढच्या वर्षांत घेता येत असे, पण हातातली रोकड जायचीच. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने देशभरातील कंपनीकर २२ टक्क्यांवर आणि नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्क्यांवर आणला. हा दर कुठल्याही कुंपणाबाहेर, कुठल्याही तालुक्यात मिळत होता. आणि मार्च २०२० नंतर, करोनामुळे दिलेली काही महिन्यांची वाढ सोडली तर, नव्या उद्योगांसाठी सेझची प्राप्तिकर सूटच संपली. ज्या वर्षांत मिहानचे रस्ते, पाणी आणि वीज यांची घडी बसत होती, त्याच वर्षांत दुकानातला माल कमी होत होता.

विजेचाही अनुभव असाच आहे. क्षेत्रासाठी २४६ मेगावॅटचा स्वतंत्र वीजप्रकल्प उभा राहिला, उद्योगांना स्वस्त विजेचा शब्द दिला गेला, पण दराच्या वादात आणि आर्थिक अडचणीत तो प्रकल्प बंद पडला. करसवलत केंद्राच्या हाती, पण वीज हा राज्याला निभावता येण्यासारखा भाग होता.

जमीन आणि गावे

संपूर्ण प्रकल्पाचे क्षेत्र ४,००० हेक्टरांहून जास्त. त्यातील साधारण १,३०० हेक्टर विमानतळासाठी आणि मूळ आराखड्यात सुमारे २,००० हेक्टर विशेष आर्थिक क्षेत्रासाठी. शिवणगाव, खापरी, कलकुही, तेल्हारा, दहेगाव या गावांची शेती त्यात गेली आणि काहींची गावठाणेही. पुनर्वसन, वाढीव मोबदला आणि विकसित भूखंड यांसाठी शिवणगावच्या लोकांचा लढा दहा वर्षांहून अधिक काळ चालला.

हा लढा इतका का लांबला, हे एका घराच्या दृष्टीने पाहिले की समजते. समजा, चार एकरांचा सातबारा तीन भावांच्या नावावर आहे. मोबदल्याची रक्कम येते ती एकदाच, आणि शेतजमिनीच्या त्या वेळच्या दराने. तिचे तीन वाटे होतात. एक भाऊ घर बांधतो, दुसरा मुलीचे लग्न करतो, तिसरा लांबच्या तालुक्यात जमीन पाहतो आणि तिथले दर ऐकून परत येतो. दरम्यान, याच जमिनीभोवती प्रकल्पाच्या बातमीने भाव चढलेले असतात आणि ज्यांची जमीन सीमेच्या दोन शेते पलीकडे होती, त्यांच्याकडे भूखंडांचे व्यापारी रांग लावतात. गावात जे बोलले जाते ते नेमके हेच असते: आमची गेली म्हणून त्यांची वाढली. चढलेल्या भावात वाटा मिळवून देणारा एकच मार्ग या घराकडे उरतो, तो म्हणजे विकसित भूखंड, आणि तो वेळेवर हाती पडला नाही तर घराचे नुकसान पैशांत मोजता येण्यापलीकडे जाते. वर्धा रस्त्यावरच्या निवासी योजनांच्या पाट्या वाचताना या दोन शेतांमधले अंतर मला नेहमी आठवते.

घेतलेली जमीन सगळी वापरली गेली असती तर निदान एक उत्तर देता आले असते. पण जमीन देण्याचा वेग आणि तिच्यावर काम सुरू होण्याचा वेग यांत मोठी तफावत राहिली. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीला मिहानमध्ये मोठी जागा मिळाली होती. २००९ मध्ये उघड झालेल्या तिच्या हिशेबातील घोटाळ्यानंतर तिचे भवितव्य लांबणीवर पडले. एका बड्या बांधकाम समूहाने घेतलेली जमीन काही वर्षांनी परत केली. देशपातळीवरही चित्र वेगळे नव्हते. महालेखापालांच्या २०१४ च्या अहवालानुसार देशभरात अधिसूचित झालेल्या सुमारे ४५,६०० हेक्टरांपैकी सुमारे २८,५०० हेक्टरांवरच प्रत्यक्ष काम सुरू झाले होते.

कोण आले आणि का आले

मिहानमध्ये जे उभे राहिले ते नीट पाहिल्यास वेगवेगळ्या वाटांनी आलेले दिसते आणि या वाटा वेगळ्या करून पाहणे हाच माझ्या मते या प्रकरणाचा गाभा आहे.

पहिली वाट विमान खरेदीची. एअर इंडियाने बोइंगकडून ६८ विमाने घेण्याचा करार केला तेव्हा बोइंगने भारतात सुमारे १० कोटी डॉलर खर्चून देखभाल-दुरुस्ती केंद्र उभारण्याचे मान्य केले. ते नागपूरला यावे यासाठी राजकीय ताकद लावली गेली आणि ते आले. २००६ च्या सुमारास ठरलेली ही गोष्ट प्रत्यक्ष सुरू व्हायला २०१५ उजाडले. मधल्या काळात हँगरची कामे आणि हँगर धावपट्टीला जोडणारा टॅक्सीवे यांवर वर्षे गेली. विमान दुरुस्तीवरील वस्तू व सेवा कर १८ टक्के असल्यामुळे पुढेही भारतीय कंपन्यांची विमाने परदेशात दुरुस्तीला जात राहिली. तो कर एप्रिल २०२० मध्ये ५ टक्क्यांवर आला. पण त्या केंद्रासोबत एक वेगळे कौशल्य या भागात आले, हे मोलाचे आहे. टाटा समूहाच्या कारखान्यात बोइंग ७८७ विमानाच्या मजल्याखालच्या तुळया कार्बन तंतूंच्या मिश्र साहित्यातून तयार होऊ लागल्या, आणि २०१७ मध्ये दासो कंपनीच्या भागीदारीतील कारखान्याची पायाभरणी झाली, जिथे फाल्कन विमानाचे भाग बनू लागले. जिथे सोयाबीन आणि कापूस उभा असायचा, त्या मातीवर आज मिलिमीटरच्या अंशात मोजलेली तुळई तयार होते, याचे मला मनापासून कौतुक आहे.

दुसरी वाट सॉफ्टवेअर कंपन्यांची. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांच्यासारख्या कंपन्यांनी मिहानमध्ये जागा घेतल्या आणि २०१५ नंतरच्या काळात तिथे मोठ्या संख्येने माणसे कामाला लागली. इथे माझ्या मताविरुद्ध जाणारा एक मुद्दा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. सॉफ्टवेअर पार्क योजनेतील करसूट ३१ मार्च २०११ रोजी संपली, तेव्हा या कंपन्यांना सेझमध्ये जाणे भाग पडले. सेझचा कायदा नसता तर त्यांनी नव्या जागा एवढ्या लवकर शोधल्या नसत्या. मात्र इतक्या सेझमधून नागपूर निवडण्याची कारणे जमिनीचा दर, राज्याचा पाठपुरावा आणि व्हीएनआयटी या शहरातल्या अभियांत्रिकी संस्थेपासून खासगी महाविद्यालयांपर्यंत दरवर्षी बाहेर पडणारे अभियंते ही होती. आधी हेच पदवीधर निकाल लागला की पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसत. आज त्यातले काही आई-वडिलांच्या घरून खापरीला कामाला जातात. ज्या घरातून मूल दूर गेले नाही, त्या घराला हा फरक कुठल्याही आकडेवारीपेक्षा मोठा वाटतो आणि तो वाटणे योग्यच आहे.

तिसरी वाट सार्वजनिक संस्थांची. आयआयएमचा परिसर मे २०२२ मध्ये खुला झाला, एम्सचे लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले, आणि त्याच दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पाही सुरू झाला. मेट्रो मार्च २०१९ पासून खापरीपर्यंत धावते. यांपैकी कशालाही सेझच्या करसवलतीची गरज नव्हती. जागा उपलब्ध होती आणि सरकारने ठरवले, म्हणून या संस्था इथे आल्या. गडचिरोली-चंद्रपूरहून आलेला रुग्ण एम्सच्या रांगेत उभा राहतो तेव्हा मिहानचा लाभ विदर्भाच्या दूरच्या टोकापर्यंत पोहोचलेला असतो, आणि करसवलतीतून तसा तो पोहोचल्याचे मला दिसलेले नाही.

विमानतळाची गाडी मात्र अडकत राहिली. खासगी भागीदार निवडण्यासाठी निघालेली निविदा जीएमआर समूहाला मिळाली, सरकारने मार्च २०२० मध्ये ती प्रक्रिया रद्द केली, मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द करण्याचा निर्णय फेटाळला आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये तो निकाल कायम ठेवला. त्यानंतरही हस्तांतरणाला वेळ लागला. दुसऱ्या धावपट्टीसाठी ज्यांनी शेती दिली, त्यांच्या डोळ्यांसमोर ती धावपट्टी वर्षानुवर्षे आराखड्यातच राहिली.

सहा जिल्हे

विदर्भाचे सर्वांत खोल दुखणे नागपूरमध्ये नव्हते. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भ दौऱ्यात शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, ते अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी. त्यांत नागपूर नाही. म्हणजे त्याच काळात एकाच प्रदेशासाठी दोन उपाय सुरू होते. एक सर्वांत जखमी भागावर आणि दुसरा सर्वांत सक्षम शहरावर. दोन्हींना जोडणारा धागा कुणी विणला नाही.

सेझच्या नियमांत तो विणणे अवघडही होते. क्षेत्रातील उद्योगाने पाच वर्षांच्या हिशेबात निव्वळ परकीय चलन मिळवलेच पाहिजे, अशी अट असते, आणि देशांतर्गत बाजारात माल विकायचा तर तो परदेशातून आल्यासारखे त्यावर सीमाशुल्क भरावे लागते. विदर्भाकडे विकायला होते ते कापूस, संत्री, सोयाबीन, तूर, आणि यांचा ग्राहक मुख्यतः देशातच. यवतमाळच्या कापसापासून सूत काढून इचलकरंजीला किंवा भिवंडीला विकणाऱ्या गिरणीने सेझमध्ये का जावे? संत्र्याचा रस काढून भारतातच बाटल्या विकणाऱ्या कारखान्याला त्या कुंपणाचा काय उपयोग? मिहानमधील पतंजलीच्या अन्न प्रक्रिया उद्योगाचे भूमिपूजन २०१६ मध्ये झाले आणि तो मार्च २०२५ मध्ये सुरू झाला. साडेआठ वर्षे काटोल-वरुडच्या बागाईतदारांनी वाट पाहिली, आणि मृग बहाराची लहान फळे त्या प्रत्येक वर्षी पडेल भावात गेली. गळालेले आणि आकाराने लहान फळ रसासाठी घेणारा मोठा ग्राहक जवळ असणे बागाईतदाराच्या दृष्टीने किती महत्त्वाचे असते, हे वरुडच्या मंडीत एक दिवस उभे राहिलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. कापसासाठीचे वस्त्रोद्योग पार्क तर सेझच्या चौकटीबाहेर, अमरावतीजवळ नांदगाव पेठला, सुमारे १,००० एकरांवर होत आहे. त्याची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. कच्चा माल जिथे पिकतो तिथे कारखाना नेण्याचा हा विचार मिहानच्या वेळीच झाला असता, तर अठरा वर्षे वाचली असती.

अशा क्षेत्राने प्रदेश सावरल्याचे उदाहरण आहे, म्हणून हा प्रश्न निराशेचा नाही. आयर्लंडच्या पश्चिमेला शॅनन येथे अटलांटिक ओलांडणारी विमाने इंधन भरायला उतरत. लांब पल्ल्याची जेट विमाने आली तेव्हा हा थांबाच अनावश्यक ठरणार होता. सोनेगावच्या टपाल विमानांचे जे झाले, तेच तिथे होणार होते. १९५९ मध्ये तिथे करमुक्त औद्योगिक क्षेत्र आणि ते चालवणारी विकास कंपनी स्थापन झाली. त्या कंपनीने कामगारांसाठी शॅनन हे नवे गाव वसवले आणि १९६८ मध्ये तिच्याकडे क्लेअर, लिमरिक आणि उत्तर टिपरारी या संपूर्ण परिसराच्या औद्योगिक विकासाची जबाबदारी आली. कुंपणाबाहेर काय होते याचे उत्तर तिला द्यावे लागत असे. मिहान चालवणाऱ्या कंपनीचे नाव, काम आणि दृष्टी विमानतळाची आहे. शिर्डी आणि अमरावतीचे विमानतळ तिने उभारले, ते उपयुक्तही आहेत, पण तिचे मुख्य कार्यालय मुंबईत कफ परेडला आहे आणि यवतमाळच्या सूतगिरणीचे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार किंवा जबाबदारी तिच्याकडे कधीच दिली गेली नाही.

आता मिहानमध्ये उरलेल्या जमिनीबद्दल निर्णय व्हायचे आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने नियम बदलून सॉफ्टवेअर सेझमधील इमारतींचे मजले टप्प्याटप्प्याने क्षेत्राबाहेर काढायला परवानगी दिली, म्हणजे कुंपणाचा आग्रह केंद्राकडूनच सैल होतो आहे. या संधीत राज्याने दोन गोष्टी कराव्यात, असे मला वाटते. ज्या भूखंडांवर ठरल्या मुदतीत बांधकाम झाले नाही ते परत घेऊन, निर्यातीची अट न घालता, विदर्भातील शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांना द्यावेत आणि त्यांचा कच्चा माल त्या सहा जिल्ह्यांतून येईल, हे कराराच्या कलमांत लिहून घ्यावे. आणि त्याआधी, नवीन कुणालाही एक एकर देण्याच्या आत, शिवणगावपासून दहेगावपर्यंत ज्या ज्या प्रकल्पग्रस्त घराचा विकसित भूखंड अजून कागदावर आहे, तो मोजून, खांब रोवून, ताबापावतीसह त्याच्या हाती द्यावा.